पहिले विमान रबराचे, बारुदीचे नव्हे!

(इयत्ता सातवीतील एका विद्यार्थ्याचे मत)



येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, काय करून दाखवायचे यावरून आमच्या वर्गात दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, "रॉकेटवरचं ग्लायडर करू. सूं करून वर जाईन अन् घारीसारखं खाली येईन." दुसरा म्हणतो, "आपल्याले ते जमते काय? आपला ज्वालामुखीच बरा." माझे मत दोन्ही पक्षांहून निराळे आहे. ग्लायडर जरूर करावे; पण नवशिक्याने पहिले ग्लायडर रबराने सोडायचे करावे. बारुदीच्या वाटेला जाऊ नये. का, ते सांगतो.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. घार पंख न हलवता तरंगते तसे ते तरंगत उतरते. रॉकेट-ग्लायडर वर जाते रॉकेटच्या जोरावर आणि खाली येते पंखांवर. आपल्या इस्रोने २३ मे २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून असेच एक पंखांचे यान रॉकेटवर बसवून सोडले. ते सुमारे ६५ किलोमीटर उंच गेले आणि बंगालच्या उपसागरावर तरंगत उतरले. पुढे २ एप्रिल २०२३ रोजी कर्नाटकात चित्रदुर्गजवळ तशाच यानाला हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंच नेऊन सोडले. ते आपले आपण धावपट्टीवर उतरले. म्हणजे इस्रोच्या शास्त्रज्ञांनीही वर जाणे वेगळे तपासले आणि धावपट्टीवर उतरणे वेगळे. मग आपण सातवीच्या पोट्ट्यांनी सगळे एकाच दिवशी करायची घाई कशाला? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

राइट बंधूंचेही तसेच. त्यांनी १९००, १९०१ आणि १९०२ अशी तीन वर्षे नुसती ग्लायडरे उडवली. तरंगणे आणि वळणे हाताला बसल्यावर मग इंजिन लावले, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी ते उडाले.

रॉकेट-ग्लायडर अवघड का? रॉकेट सरळ वर जायला त्याचे वजन बरेच पुढे, नाकाकडे लागते. ग्लायडर तरंगायला तेच वजन पंखांखाली लागते. म्हणजे वर पोचताच वजनाने जागा बदलली पाहिजे. त्यासाठी काही ग्लायडरांत इंजिनाचा भाग वरच सुटून पडतो, तर काहींत पंखच हलतात. सुटणारा भाग सुटला नाही, तर ग्लायडर नाकावर जमिनीत! रबराच्या ग्लायडरात हलणारा एकही भाग नाही. बिघडायला काही नाही, म्हणून शिकायला सोपे.

दुसरे कारण जास्त मोठे आहे. दिवाळीचे फटाके फोडून, त्यांची बारूद काढून नळीत भरायची, असे काही जण बोलत होते. मित्रांनो, हे कदापि करू नका. ठासताना नुसत्या घासण्याने बारूद पेट घेते. डोळा गेला तर परत येत नाही. आपल्याच जिल्ह्यात बाजारगावला १७ डिसेंबर २०२३ रोजी स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार दगावले. ते तर रोजचे काम करणारे होते. देशभरातल्या स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. मोठ्यांना ज्या वस्तूसाठी परवाना घ्यावा लागतो, ती आपण ओट्यावर बसून कुटावी काय? अमेरिकेत १९५४ साली ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या जोड्यांच्या दुकानदाराने लहान रॉकेट केले. तेव्हापासून तिकडे हा छंद वाढला, पण बंद तयार इंजिनांवर. स्वतः बारूद भरायची नाही, हा तिथला नियम आहे.

आता निवड कशी करावी? पंख रुंद असावेत आणि त्यांची टोके थोडी वर उचललेली असावीत. मग कलले तरी ते आपोआप सावरते. शेपूट लांब असावी. मोडले तर घरीच जोडता यावे. बांबूची वीतभर कामटी, जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद, फेविकॉल आणि नाकाला खेळण्याची चिकणमाती, एवढ्यात काम होते. मातीचा गोळा टोकावर असला की कामटी कोणाला टोचतही नाही. पंखाच्या पुढल्या कडेपासून साधारण एकतृतीयांशावर दोन्हीकडे बोट धरून पाहावे. तिथे ग्लायडर आडवे राहिले पाहिजे.

आधी नुसत्या हाताने, वाऱ्याकडे तोंड करून, समोर सोडावे. नाक वर करून आपटले तर माती वाढवा. सरळ जमिनीत घुसले तर माती काढा. दहा वेळा नीट उतरले की मगच रबर. नाकाखाली खाच करून काडीला बांधलेले रबर त्यात अडकवा आणि ग्लायडर थोडे एका अंगावर कलते धरून सोडा. सरळ धरले तर वेगामुळे पंख जास्त उचलतात आणि ते उलटी कोलांटी मारते. वेळ सकाळची, वारा शांत असताना. जागा विजेच्या तारांपासून दूर. कोणाच्या तोंडाकडे नेम धरायचा नाही.

"हे तर लहान पोरांचं खेळणं," असे कोणी म्हणेल. म्हणू द्या! ज्याला वजन कुठे ठेवायचे ते कळले, त्याला पुढे रॉकेटचेही कळेल. आणि पालकहो, महागडे रिमोटचे विमान नाही म्हणून लेकरू रडत असेल, तर त्याला चार जुन्या पत्रिका द्या आणि एक सकाळ त्याच्यासोबत मैदानात या. विमान फक्त सोनेगावच्या विमानतळावरच असते असे नाही.

आमची मुख्याध्यापक गुरुजींना विनंती आहे, की विज्ञान दिनाला स्पर्धा ठेवावी. किती उंच गेले हे मोजू नये, किती सेकंद हवेत राहिले ते मोजावे. मुलींनाही बरोबरीने घ्यावे. ज्याचे ग्लायडर जास्त वेळ तरंगेल तो पहिला. आणि सगळ्यांचे डोळे, बोटे शाबूत राहतील, हे त्याहून मोठे बक्षीस.

आधी तरंगायला शिकू, मग उडायला!