तुकड्यातुकड्यांनी, पण पूर्ण!

‘जरा सलग वेळ मिळू दे, मग करीन,’ असं आपल्यापैकी किती जणी किती वेळा म्हणाल्या असतील! अर्धवट राहिलेली पदवी, सुटलेला गाण्याचा क्लास, माळ्यावर चढवलेलं शिलाई मशीन, सगळं त्या सलग वेळेची वाट पाहत पडून असतं. आणि तो वेळ काही येत नाही. मैत्रिणींनो, म्हणूनच आज एका पायवाटेबद्दल सांगावंसं वाटतंय.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला बिलगून जाणारी ‘साउथ वेस्ट कोस्ट पाथ’ ही वाट १,०१४ किलोमीटर लांब आहे. पूर्वी चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला किनारारक्षक या कड्यांवरून गस्त घालत, त्यातून ही वाट पडली. चालायला वाटते तितकी सोपी नाही बरं! खाडी आली की उतरा, पुन्हा कड्यावर चढा. वाटेतले सगळे चढ एकावर एक रचले, तर एव्हरेस्टच्या जवळजवळ चौपट उंची होते. रोज चाललं तरी सात-आठ आठवडे लागतात.

इतक्या मोठ्या वाटेचा शेवटचा दिवस कसा असेल? चक्क सोपा असतो. स्वॉनिज गावाहून निघालं की एक टेकडी, मग समुद्रात उभे असलेले खडूचे पांढरेशुभ्र सुळके, आणि पुढे स्टडलंडची लांबच लांब वाळू. जेमतेम बारा किलोमीटर. साउथ हेवन पॉइंटला एक पोलादी खूण उभी आहे, तिथे वाट संपते. ना हारतुरे, ना टाळ्या. शेजारी साखळीवर चालणारी फेरीबोट मोटारींची ने-आण करत असते. रांगेत थांबलेल्यांना पत्ताही नसतो, की पाठीवर पिशवी घेतलेली ही बाई हजार किलोमीटर चालून आली आहे!

पण खरी गंमत पुढेच आहे. त्या खुणेपाशी पोहोचणारे सगळेच काही एका दमात आलेले नसतात. नोकरी, मुलं, म्हातारी माणसं सांभाळून कुणी दरवर्षी एक आठवडा चालतं, कुणी जमेल तशा शनिवार-रविवारी. जिथे थांबलो तिथूनच पुढच्या खेपेला सुरुवात. वाट पुरी व्हायला वर्षानुवर्षं लागतात. तरी शेवटच्या दिवशी अंतर मोजलं, तर तेही १,०१४ किलोमीटरच भरतं. एक किलोमीटरही कमी नाही. अहो, ही वाटसुद्धा टप्प्याटप्प्यानेच खुली झाली. कॉर्नवॉलचा भाग १९७३ मध्ये, आणि शेवटचा टप्पा १९७८ मध्ये!

आता कुणी म्हणेल, जिद्द असली की सगळं होतं. जिद्द हवीच. पण तो एक आठवडाही हवा ना! बाई आठ दिवस घराबाहेर असताना स्वयंपाक, शाळेचे डबे, सासूबाईंची औषधं कुणीतरी बघावी लागतात. आपल्याकडे अडतं ते इथेच. आजारपणासाठी, लग्नकार्यासाठी बाईला वेळ मिळतो. स्वतःच्या कामासाठी मागितला, की ‘मग घरचं कोण बघणार?’ हा प्रश्न तयारच असतो. तिची कामं अर्धवट राहतात ती आळसामुळे नव्हे. तिचा वेळ तिचा आहे, हे घरात कुणी धरूनच चालत नाही, म्हणून राहतात.

तेव्हा सलग वेळेची वाट पाहणं आता पुरे. आठवड्यातले दोन तास मागून घ्या. मागताना अपराधी वाटून घेऊ नका. कॅलेंडरवर ते लिहून ठेवा, दुधाचा हिशेब लिहितो तिथेच, सगळ्यांना दिसेल असे. आणि मागच्या वेळी जिथे थांबला होतात, तिथूनच पुढे सुरू करा. शेवटचा दिवस दोन वर्षांनी उजाडेल, नाहीतर पाच वर्षांनी. हरकत नाही. तेव्हा कुणी विचारणार नाही, मध्ये किती वेळा थांबलात म्हणून. आणि विचारलंच तर खुशाल सांगा, ‘हो, थांबले होते. पण पूर्ण केलं!’