फळीवर अ‍ॅड्रेनॅलिन हवे

एप्रिल-मे महिन्यांत गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात भल्या पहाटे माणसे तेंदूपत्ता तोडायला निघतात. अशात एखादे आग्या मोहोळ उठले, तर डंख झालेल्याच्या हाती बहुधा सीपीएम नाहीतर अ‍ॅव्हिल ही अ‍ॅलर्जीवरची गोळी पडते. खाज आणि गांधी यांवर ती ठीक आहे. पण श्वास कोंडू लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिच्या भरवशावर थांबणे जिवावर बेतते.

ज्याला आधीच्या डंखामुळे अ‍ॅलर्जी जडलेली असते, त्याच्या त्वचेतल्या आणि श्वासनलिकेतल्या मास्ट पेशी विष पोहोचताच हिस्टामिन ओततात. शेकडो माशा डसल्या, तर अ‍ॅलर्जी नसतानाही विषच या पेशींमधून हिस्टामिन बाहेर काढते. हे हिस्टामिन पेशींवरच्या ज्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) बसेल, तसा त्याचा परिणाम. जठरातल्या एच-२ वर बसले की आम्ल वाढते. मेंदूतल्या एच-१ मुळे जाग राहते, म्हणून तर सीपीएमने झोप येते. रक्तवाहिन्यांतल्या एच-१ वर बसले की त्या सैलावतात, पाझरतात आणि रक्तदाब कोसळतो. श्वासनलिकेत तोच एच-१ तिला आवळतो. गोळी फक्त एच-१ अडवते, तेही पोटातून रक्तात उतरल्यावर. मास्ट पेशींतूनच सुटणाऱ्या आणि श्वासनलिका आवळणाऱ्या ल्युकोट्रायीनला ती रोखत नाही, आणि खाली गेलेला रक्तदाब वर आणत नाही. हे दोन्ही सावरते अ‍ॅड्रेनॅलिन: वाहिन्या आवळते, श्वासनलिका मोकळी करते, मास्ट पेशींनाही आवर घालते. प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, लगेच. औषध जुने आहे आणि स्वस्तही.

मग भामरागड-एटापल्लीच्या फळीवर, म्हणजे तेंदूपत्ता गोळा होतो त्या केंद्रावर, ते का नसावे? सुई डॉक्टरनेच टोचावी, हे उत्तर निदान गडचिरोलीने तरी देऊ नये. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने इथल्याच खेड्यांतल्या बायांना आजारी नवजात बाळांना जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले. या घरपोच सेवेने ३९ गावांत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. लसीकरणाच्या वेळी गंभीर अ‍ॅलर्जी झाली, तर अ‍ॅड्रेनॅलिनचा पहिला डोस देण्याची मुभा सरकारने एएनएम परिचारिकांनाही दिली आहे. लसीच्या सत्राला जी मुभा आहे, ती तेंदूच्या फळीला नाकारण्याचे कारण काय?

प्रत्येक फळीवर एकाला शिकवावे, उन्हापासून जपलेल्या कुप्या आणि सिरिंज द्याव्यात, आणि रुग्णाला पुढे दवाखान्यात नेणारी गाडी आधीच ठरवून ठेवावी. कारण पहिल्या सुईने फक्त वेळ मिळतो. खर्च ग्रामसभेने करायचा, वनविभागाने की ठेकेदाराने, हा वाद हंगाम सरेपर्यंत सहज चालू शकतो. म्हणून आरोग्य विभागाचा आदेश मार्चमध्येच निघाला पाहिजे.