पंचवटीचा फराळ आणि पेठचा डोंगर

एकादशीच्या दिवशी पंचवटीत फिरणाऱ्यास एक गोष्ट न शोधता आढळते. रामकुंडावर स्नान आटोपून व काळारामाचे दर्शन घेऊन भाविक मंडळी फराळाकडे वळली, की त्यांच्यापुढे द्रोणात येते ती साबुदाण्याची खिचडी. हे इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात विचार करण्याजोगे काही आहे असे म्हणणाराच विक्षिप्त ठरावा. तो विक्षिप्तपणा आम्ही आज पत्करीत आहो.

ह्या द्रोणात आहे तरी काय? साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो ह्या देशी आला आणि आज त्याचे कारखाने तामिळनाडूत सेलमच्या परिसरात आहेत. शेंगदाणा अमेरिकेचा, बटाटा अमेरिकेचा, हिरवी मिरचीही अमेरिकेचीच. चार पदार्थ पाताळातले आणि वर तूप तेवढे आपले! प्रभू रामचंद्र पंचवटीत कंदमुळांवर राहिले अशी परंपरा आहे. तेव्हा साबुदाणाही कंदाचाच, असा कोटिक्रम एखादा चतुर करील. त्यास आमचे इतकेच सांगणे, की तो कंद त्या काळी समुद्रापलीकडे होता आणि त्याची वार्ता ह्या खंडात कोणासही नव्हती.

आमचा आक्षेप परदेशीपणास नाही. ज्या मिरचीशिवाय आमचा घास उतरत नाही तिला परकी म्हणण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. आक्षेप निराळा आहे. पंचवटीतूनच जो रस्ता पेठकडे निघतो, त्या रस्त्याने पन्नास-पंचावन्न किलोमीटर गेले असता ज्या डोंगरउतारांवर वरई पिकते, ती वरई उपवासास चालते, नव्हे, साबुदाण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे. असे असता तिचा पिकविणारा पंचवटीच्या बाजारास अनोळखी कसा राहिला, हा आमचा प्रश्न आहे.

पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर ह्या तालुक्यांतील कोकणा, महादेव कोळी व वारली कुटुंबे वरकस जमिनीवर नागली व वरई करतात. उन्हाळ्यात पालापाचोळा व शेण पसरून राब भाजावयाचा, पहिल्या पावसाबरोबर त्यात बी टाकावयाचे, आणि आषाढाच्या धारांत गुडघे टेकून उतारावर रोपे लावावयाची, असा हा क्रम. खत विकतचे नाही, पाणी आभाळाचे. जेथे नांगर नीट चालत नाही आणि दुसरे पीक धरत नाही, तेथे ही दोन धान्ये उभी राहतात. नागलीच्या शंभर ग्रॅमांत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो. दुसरे कोणतेही तृणधान्य तिच्या जवळपास येत नाही. कणगीत नीट ठेवली तर ती वर्षानुवर्षे किडत नाही. साबुदाणा म्हणजे मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिन त्यात शेकडा एकही नाही. दिवसभर उपाशी राहिलेल्या म्हाताऱ्या यात्रेकरूच्या पोटात ह्यांपैकी काय जावे, हे सांगण्यास वैद्य नको.

येथे कोणी म्हणेल, नाशिक तर भगरीचे मोठे ठिकाण आहे! खरे आहे. भगर सडण्याच्या गिरण्या नाशकात आहेत, आणि मध्यप्रदेशातील दिंडोरी व आसपासच्या जिल्ह्यांतली कुटकी मालमोटारी भरभरून येथे येते. आपल्या जिल्ह्यातही दिंडोरी आहे, पण तिच्या नशिबी द्राक्षे आली. नावाचा हा योगायोग विधात्याने थट्टेसाठीच योजिला असावा. गिरण्यांवर आमचा राग नाही. वरईचे टरफल चिवट. उखळात कांडून ते काढणे हे पिढ्यानुपिढ्या बायकांच्या खांद्यांचे दुखणे होते आणि ते यंत्राने हलके केले हे चांगलेच झाले. पण यंत्र नाशकात आणि धान्य डोंगरात, ह्या अंतरातच सारा नफा मुरतो. सुगीच्या दिवसांत हातउसने फेडण्यासाठी शेतकरी टरफलासकट वरई दारी आलेल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर घालतो. आणि तीच भगर पिशवीत बसून पंचवटीच्या दुकानात येते तेव्हा तिच्या चढलेल्या भावातले काही डोंगराकडे परत जात नाही.

सरकारी हमीभावाचा आधार काय, तेही पाहावे. केंद्राच्या यादीत नागली आहे. २०२५-२६ साठी तिचा भाव क्विंटलला ४,८८६ रुपये ठरला, भातास २,३६९ रुपये. कागदावर पाहिले तर नागली भाताच्या दुप्पट मोलाची! परंतु भाव जाहीर होणे निराळे आणि पाड्यावर काटा लागणे निराळे. वरईचे तर त्या यादीत नावच नाही. २०२३ हे साल भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साऱ्या जगाने साजरे केले. त्या वर्षी शहरांत भाषणे झाली, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या, नाव नागलीचे आणि पीठ मैद्याचे अशी बिस्किटेही चकचकीत वेष्टनांत आली. उत्सव संपला आणि वेष्टन फाटले.

मग डोंगरातला माणूस करतो काय? तो खाली उतरतो. पावसाळ्यात ज्या गावांवर दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, त्याच गावांतल्या बायका चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरतात. अशा गावी आठ महिने राहावे कशावर? म्हणून तो दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीस व खुडणीस जातो. ज्या द्राक्षांची गोडी युरोपच्या मेजावर वाखाणली जाते, ती गोडी नागली टाकून आलेल्या हातांची आहे. बागाईतदारास आम्ही दोष देत नाही; तोही सुखी नाही. कांदा पिकविणाऱ्याचे हाल तर सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यात बंद झाली, ४ मे २०२४ रोजी बंदी उठली ती चाळीस टक्के कर लादून, आणि तो कर पुरता जावयास १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. ज्याचे गिऱ्हाईक केवळ दूरचे, त्याची मान दूरच्या लेखणीखाली, हे एवढ्या अनुभवानंतर तरी पटावे.

आमच्यावर दोन आक्षेप येतील, आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. पहिला असा, की भगर साबुदाण्याहून महाग पडते आणि गरीब यात्रेकरूस महाग अन्न खाऊ घालण्याचा हट्ट हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. महाग पडते, हे आम्हांस मान्य. पण अन्नछत्रात यात्रेकरू पैसे मोजत नाही. मोजतो तो दाता. मांडवावर, रोषणाईवर आणि नावाच्या फलकावर खर्च करताना ज्याचा हात आखडत नाही, त्याने धान्याच्या गोणीपाशीच काटकसर का आठवावी? दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: एवढ्याशा उतारांवरची वरई लक्षावधी माणसांस पुरणार कशी? सर्वांस पुरणार नाही. तशी प्रतिज्ञा आम्ही करीतही नाही. पण सर्वांस पुरत नाही म्हणून कोणासच वाढू नये, हा न्याय आम्हांस उमगत नाही. अन्नछत्रांपैकी काहींनी जरी आपली भगर थेट पाड्यांवरून घेतली, तरी तेथील काही शेकडा घरांना छाटणीच्या दिवसांत खाली उतरावे की नाही, हे स्वतः ठरविता येईल.

जुन्या आचारांत ह्या शहाणपणाच्या खुणा आहेत. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य. परसातले, हाताने लावलेले तेवढेच खावयाचे. त्या दिवशी पंचवटीच्या बाजारात हातच्या भाज्यांसाठी बायकांची दाटी होते. अन्न कोणाच्या श्रमाचे, हा प्रश्न वर्षातून एक दिवस तरी विचारावा असे ज्यांनी ठरविले ते आमच्याहून सावध होते. मात्र जुन्या आचारांची दुसरी बाजूही आम्ही लपविणार नाही. ज्या पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळारामाच्या दारासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला, तेथे माणसांप्रमाणे धान्यांचीही उतरंड होतीच. नागली ही डोंगरच्या लोकांची, काळी, भाकरीपुरती; पंक्तीत तिला पान नाही. आज डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीच काळी भाकरी बंगल्यांत शिरली आहे, आणि पिकविणारा अजून दाराबाहेर उभा आहे.

पुढील सिंहस्थासाठी २०२५ साली जे वेळापत्रक जाहीर झाले त्यात नाशिकचे तिसरे अमृतस्नान ११ सप्टेंबर २०२७ रोजी आहे. तो दिवस भाद्रपद शुद्ध एकादशीचा, म्हणजे स्नानास येणारा बहुतेक समुदाय उपवासाचा असणार. साधुग्रामासाठी तपोवनातील शेकडो झाडांवर कुऱ्हाड येणार असे कळताच २०२५ च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर आले, हे त्यांस भूषणावह आहे. त्यांनी व अन्नछत्रांच्या चालकांनी ह्या एकादशीच्या द्रोणाकडेही एकवार पाहावे, एवढीच आमची मागणी आहे. त्या दिवशी लागणारी वरई २०२६ च्या खरिपातली. सिंहस्थाचे ध्वजारोहण रामकुंडावर ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ठरविण्यात आले. नेमकी त्याच सुमारास पेठच्या खळ्यांवर वरई झोडपली जाते, आणि व्यापाऱ्याचा काटाही त्याच आठवड्यात दारी येतो.