मोठ्या संख्येला भिऊ नका

मोठी संख्या दिसली की आमच्या वर्गात पुष्कळ मुलं पाटी पालथी ठेवतात. मीही ठेवत होते. पण आता माझे मत बदलले आहे. ते का बदलले, ते सांगते.

एके दिवशी गुरुजींनी फळ्यावर १,४२,८५७ ही संख्या लिहिली. म्हणजे एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. गुरुजी म्हणाले, "हिला २ ने गुणा." उत्तर आले २,८५,७१४. ३ ने गुणले तर ४,२८,५७१. मला वाटले, माझे काहीतरी चुकले. कारण अंक तेच! रांगही तीच, फक्त सुरुवात वेगळ्या अंकापासून. जणू सहा मुलं हात धरून गोल फिरताहेत. ४ ने ५,७१,४२८, ५ ने ७,१४,२८५, ६ ने ८,५७,१४२. आणि ७ ने गुणले तर काय? ९,९९,९९९! वर्गात एकच हशा पिकला.

हा काही जादूटोणा नाही. दहा लाखांना ७ ने भागून पाहा. भागाकार १,४२,८५७ येतो आणि बाकी उरते १. पुढे शून्ये घेत गेलो की पुन्हा तेच अंक येतात.

गुरुजींनी कापरेकरांविषयीही सांगितले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांच्या नावाच्या 'कापरेकर संख्या' आहेत. ४५ ला ४५ ने गुणले की २०२५ येतात, आणि २० अधिक २५ म्हणजे पुन्हा ४५. आपली १,४२,८५७ पण तशीच आहे. तिला तिनेच गुणले की २०४०८१२२४४९ येतात. त्यात २०४०८ आणि १२२४४९ मिळवा. मला दोन संध्याकाळी लागल्या. एकदा हातचा विसरले. पण जमलं!

माझे वडील कांद्याची पट्टी न वाचताच खिशात ठेवायचे. म्हणायचे, "आपल्याला काय कळतंय त्यातलं!" परवा मी ओसरीवर बसून ती मांडली. वजन गुणिले भाव, त्यातून हमाली आणि तोलाई वजा. हिशोब बरोबर होता. पण आधी आमचा नुसता विश्वास होता, आता आम्हाला ठाऊक आहे. (हे वडिलांना विचारूनच लिहिले आहे.)

म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, घरचा हिशोब मुलांना मांडू द्यावा. मुलींनासुद्धा. चुकलं तर रागावू नये.

आणि मित्रांनो, मी सांगते म्हणून खरे मानू नका. पाटी घ्या. १,४२,८५७ ला ८ ने गुणा. उत्तरातला पहिला १ काढा आणि उरलेल्या संख्येत मिळवा. काय येतं, ते मला मधल्या सुट्टीत सांगा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी