सहल गौताळ्याला न्यावी



वाघ बघायचा तर ताडोबालाच जावे, असे मोठी माणसे म्हणतात. माझे मत असे, की आधी आपल्या कन्नड तालुक्यातले गौताळा बघावे. हे जंगल १९८६ साली अभयारण्य झाले. इथे बिबट्या, अस्वल, नीलगाय, रानडुक्कर आणि मोर आहेत. २०२१ मध्ये तर यवतमाळकडच्या टिपेश्वरहून एक वाघ पायी चालत इथे आला आणि कॅमेऱ्यात त्याचा फोटो आला! दर वेळी जनावर दिसेलच असे नाही. पण मातीत पावलांचे ठसे शोधण्यातही मजा असते.

त्याच जंगलात पितळखोऱ्याची लेणी आहेत. ती दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथे दगडी हत्तींची रांग आहे. तिथे सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर कण्हदास नावाच्या सोनाराचे नाव कोरलेले आहे. त्याने मूर्ती घडवली, म्हणून त्याचे नाव तिथे शोभते. आपण काय घडवले, की लेण्याच्या भिंतीवर खिळ्याने आपले नाव लिहावे?

सहलीत भाजीभाकरी घरून न्यावी. पिशव्या, कागद परत आणावेत. वानरांना खाऊ देऊ नये. त्याची सवय लागली की ती रस्त्यावर येतात अन् गाडीखाली सापडतात.

पालकहो, "पोरं जंगलात कशाला?" असे म्हणून नाही म्हणू नका. जे जंगल आम्ही बघितलेच नाही, ते मोठेपणी राखणार कसे?