तांब्याच्या जमाखर्चाचे अर्धे पान

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची काशाची एक मूर्ती आहे. उंचीला ती वीतभरही नाही. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीत धातूच्या वस्तूंचा जो साठा सापडला, त्यात ती होती. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि सातवाहनकालीन नगराचे अवशेष उजेडात आणले. तेव्हापासून कोल्हापूरच्या प्राचीनत्वाचा विषय निघाला की या मूर्तीचा उल्लेख अभिमानाने होतो. रोमशी आपला व्यापार होता, हे सांगावयास तेवढा एक पुरावा पुरेसा मानला जातो आणि चर्चा तेथेच थांबते.

वास्तविक ती तेथून सुरू व्हावयास हवी. व्यापार म्हटला की त्यास दोन बाजू आल्या. मूर्ती आली, भांडी आली, धातू आला, हे जमेच्या बाजूस दिसते. त्याच्या मोबदल्यात येथून काय गेले? हा प्रश्न वस्तुसंग्रहालयात विचारला जात नाही, कारण गेलेली वस्तू तेथे असू शकत नाही.

महाराष्ट्राच्या बाबतीत हा प्रश्न केवळ रोमन काळापुरता नाही. दख्खनचे पठार काळ्या पाषाणाचे आहे. त्यात तांब्याचे खनिज नाही. राज्याच्या पूर्व टोकाला चंद्रपूरकडील वेगळ्या जातीच्या खडकांत ते आढळते, परंतु गोदावरी, भीमा किंवा कृष्णेच्या खोऱ्यांतील प्राचीन शेतकऱ्यास त्याचा उपयोग झाल्याचा पुरावा नाही. असे असूनही या खोऱ्यांत तांबे सापडते. ब्रह्मपुरीच्या नगरापूर्वी हजार-बाराशे वर्षे प्रवरेच्या काठी जोर्वे येथे जी वस्ती होती, तिच्या अवशेषांत तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. घोड नदीवरील इनामगाव येथेही तांब्याच्या वस्तू सापडल्या. प्रवरेच्याच काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्यास झाडाचे खोड खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी चार शिल्पे मिळाली. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक आहे. ज्या भूमीत तांबे नाही, तेथे एका ठिकाणी एवढे तांबे यावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. त्या शिल्पांच्या काळाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु ती कोणत्याही काळातील असली तरी त्यांचा धातू बाहेरून आला, हे मान्य करावेच लागते.

हा धातू किती महाग असावा, याचेही उत्तर त्याच वस्त्यांत मिळते. तेथील कापण्या-तासण्याचे रोजचे काम गारगोटीच्या जातीच्या दगडांपासून काढलेल्या लहान पात्यांनी होत असे. तांबे ठाऊक होते, ते घडविण्याची कला अवगत होती, तरीही दगड सुटला नाही. जी वस्तू दुर्मीळ, ती जपून वापरावयाची, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ त्या शेतकऱ्यांना कोणी शिकवावा लागला नाही. राजस्थानात खेत्रीच्या परिसरात तांब्याच्या फार जुन्या खाणी आहेत आणि तेथून जवळच्या गणेश्वर येथे तांब्याच्या वस्तू विपुल मिळाल्या. आपल्याकडील तांबे त्याच दिशेने आले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. ओमानमधील खाणींचाही विचार होतो. मेसोपोटेमियाच्या लेखांतील मगन देश तोच, असे मानले जाते.

त्या मेसोपोटेमियात इ.स.पू. १७५० च्या सुमारास ऊर नगरात एआनासिर नावाचा तांब्याचा व्यापारी होता. त्याने निकृष्ट तांबे देऊ केले, अशी एका गिऱ्हाइकाची तक्रार मातीच्या विटेवर लिहिलेली आजही वाचता येते. तेथे जमाखर्चाची दोन्ही पाने टिकली. आपल्याकडे लेख नाहीत. आहे ती केवळ वस्तू. त्यामुळे धातू टिकला, आणि त्याच्या बदल्यात दिलेले धान्य, कापूस, कातडी किंवा लाकूड, जे काही असेल ते, मातीस मिळाले. पुराव्याच्या या एकांगीपणातून एक चुकीची समजूत जन्मास येते: देणारा तो समर्थ आणि घेणारा तो मागासलेला.

हा दोष आपल्याच देशापुरता नाही. उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवराच्या काठी तांब्याच्या हजारो प्राचीन खड्ड्यांच्या खाणी आहेत. तेथील आदिवासींनी ते तांबे काढले, ठोकून त्याची हत्यारे केली आणि दूरवर धाडली, याचे पुरावे भरपूर आहेत. तरीही ते तांबे समुद्रापलीकडील कोणा प्रगत लोकांनी येऊन नेले, ही कल्पना अनेकांना सोडवत नाही. त्या कल्पनेने गूढ उकलत नाही. स्थानिक माणसाचे श्रेय तेवढे हिरावले जाते. ब्रह्मपुरीत पोसायडन सापडला म्हणून कोल्हापुरात रोमन वसाहत होती, असे म्हणणे हाही त्याच प्रकारचा मोह होय.

सुदैवाने रोमन काळाच्या संदर्भात खर्चाचे पान काही अंशी वाचता येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात तांबे, कथील आणि शिसे येत असल्याचे नमूद आहे. त्याच ग्रंथात पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगर, म्हणजे आजच्या तेर येथून, साधे कापड व मलमल गाड्यांनी भडोचला जात असल्याचेही सांगितले आहे. रोमन लेखक प्लिनीने तर स्पष्टच लिहिले की, भारतापाशी तांबे व शिसे नाही. रत्ने व मोती देऊन तो ते घेतो. संपूर्ण भारताविषयी हे विधान खरे नाही, परंतु दख्खनच्या बाबतीत ते बरेचसे लागू पडते. ज्या काळ्या पाषाणाने तांबे नाकारले, त्याच्याच पोकळ्यांत गोमेद आणि अकीक तयार झाले, आणि त्याच्याच झिजेतून कापसाची काळी जमीन झाली. दख्खनने तांब्याची किंमत आपल्या मातीतूनच चुकती केली.

या दृष्टीने ब्रह्मपुरीच्या साठ्यातील खरे मोल पोसायडनचे नाही. त्या साठ्यात परदेशी वस्तू मोजक्या आहेत. बहुतेक भांडी-वस्तू या देशातील कारागिरांच्या हातच्या आहेत. पाठीवर स्वार घेतलेला काशाचा देखणा हत्ती त्यांपैकीच. आयात केलेला देव हा हौसेचा विषय आहे. आयात केलेल्या धातूपासून येथे घडविलेली वस्तू हा उद्योगाचा पुरावा आहे. खाण नसलेल्या प्रदेशाने कौशल्याच्या बळावर धातूचा धंदा उभा करावा, ही गोष्ट कोल्हापूरकरास अपरिचित वाटू नये. येथील ओतशाळांना लागणारे लोखंडही बाहेरूनच येते, आणि तरीही या शहराचे नाव ओतकामासाठी देशभर घेतले जाते.

आज या प्रश्नाचे उत्तर तर्कावर सोडण्याचे कारण उरलेले नाही. तांब्यात अल्पांशाने असलेल्या शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून तो धातू कोणत्या खाणीतील असू शकेल, हे बऱ्याच अंशी ठरविता येते. जुना धातू पुनःपुन्हा वितळवून मिसळला गेला असेल तर निष्कर्ष धूसर होतो, ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागेल. परंतु त्यासाठी लागणारा नमुना अत्यल्प असतो आणि खेत्री, ओमान व भूमध्य सागराकाठच्या खनिजांशी तुलना करणे शक्य आहे. महाराष्ट्रातील उत्खननांतून निघालेल्या तांब्याच्या सर्व वस्तूंची एक यादी करावी, त्यांची अशी तपासणी क्रमाने व्हावी आणि निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध व्हावेत. हे काम विद्यापीठांनी आणि पुरातत्त्व खात्याने मिळून अंगावर घ्यावयास हवे.

त्याबरोबर आणखी एक गोष्ट व्हावी. पोसायडनच्या शेजारी गोमेदाचा एक खडा, मूठभर काळी माती आणि कापसाचे एक बोंड ठेवावे. येथे काय आले, हे पाहणाऱ्यास येथून काय गेले असेल, याचीही जाणीव होईल. ज्या समाजाला आपल्या जमेचेच पान तेवढे वाचता येते, त्याला आपण कोणाचे उपकार घेतले आणि कशाची किंमत मोजली, यांतील फरक कळत नाही.