पी५३चा रिपोर्ट आणि गणेशखिंडीतले संशोधन

‘पी५३ पॉझिटिव्ह’ एवढेच लिहून पॅथॉलॉजिस्टने सही केली, तर तो कागद हातात घेणाऱ्या ऑन्कॉलॉजिस्टला नेमके काय कळते? आमच्या मते जवळजवळ काहीच नाही.

१९७९मध्ये सापडलेले पी५३ पुढची दहा वर्षे कर्करोग घडवणारे जनुक मानले गेले, कारण प्रयोगशाळांच्या हाती आलेल्या त्याच्या प्रती बिघडलेल्या होत्या. १९८९मध्ये हा समज दूर झाला आणि पी५३ ट्यूमर सप्रेसर ठरले. निरोगी पेशीत हे प्रथिन टिकत नाही, एमडीएम२ त्याचा निकाल लावत राहते. डीएनएला इजा झाली की ते साचते आणि पी२१ वाढवते. पी२१ सायक्लिन-सीडीकेला अडवते, त्यामुळे आरबी ई२एफला सोडत नाही आणि पेशी जी१मध्येच थांबते. मिससेन्स उत्परिवर्तनात निकामी प्रथिन नष्ट न होता साठत जाते, आणि स्टेनिंगमध्ये गाठीतली जवळजवळ सगळी केंद्रके गडद रंगतात. नॉनसेन्स किंवा फ्रेमशिफ्ट उत्परिवर्तनात बहुधा प्रथिनच उरत नाही, गाठ कोरी दिसते. या कोऱ्या गाठीला ‘निगेटिव्ह’ म्हणून मोकळे होणे ही आपल्या रिपोर्टिंगमधली सर्वांत घातक सवय आहे. तिथे जनुक पूर्ण निकामी झालेले असते आणि वाचणाऱ्याला सारे ठीक वाटते.

जनुक शाबूत असूनही यंत्रणा कोसळू शकते, हे पुणेकरांना तरी ठाऊक हवे. गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात (एनसीसीएस) समित चट्टोपाध्याय यांच्या गटाने स्मार१ या प्रथिनावर काम केले. हे प्रथिन एचडीएसी१ व सिन३ यांना सायक्लिन डी१च्या प्रमोटरवर आणून ते जनुक दाबते, असे त्यांनी २००५मध्ये दाखवले. ते पी५३ला स्थिर आणि सक्रिय करते, हेही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. २००७मध्ये दिसले की स्मार१ स्वतः पी५३च्या हुकमतीखाली आहे आणि स्तनाच्या कर्करोगात त्याचे नियमन बिघडते. म्हणजे दोघे एकमेकांना आधार देतात, एक ढासळला की दुसराही लुळा पडतो. २०२१मध्ये बाझेलच्या शास्त्रज्ञांनी हेच प्रथिन, बीएएनपी या नावाने, अनेक जनुकांचे क्रोमॅटिन उघडून त्यांना चालना देते असे दाखवले. जुने चित्र त्यामुळे गुंतागुंतीचे झाले, आणि आम्हाला ते अधिक मोलाचे वाटते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्हीचे ई६ पी५३ला नष्ट करते, ई७ आरबीला निकामी करते. दोन्ही जनुके जागेवर असतात. आरबी गेल्यावर पी१६ भरमसाट वाढते, पण ते अडवणार ज्या सीडीके४/६ला, त्यांची आता पेशीला गरजच उरलेली नसते. तंबाखूमुळे होणाऱ्या गालाच्या कर्करोगात मात्र पी१६ अनेकदा हरवलेले असते. म्हणून एचपीव्हीमुळे झालेल्या घशातल्या गाठीतील पी१६चा अर्थ गालाच्या गाठीला लावू नये.

याचा उपचारांशी थेट संबंध आहे. स्तनाच्या कर्करोगावरच्या पाल्बोसिक्लिबचे पेटंट २०२३च्या सुरुवातीला भारतात संपले, जेनेरिक गोळ्या आल्या आणि हे औषध अधिक रुग्णांच्या आवाक्यात आले. ते सीडीके४/६ला रोखते, म्हणजे त्याचा सारा भरवसा आरबीवर. आरबी हरवलेल्या गाठीत ते देण्यात फारसा अर्थ नाही.

आमची विनंती साधी आहे. पी५३साठी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहिणे बंद करा. वाइल्ड-टाइप पॅटर्न आहे की म्युटंट, आणि म्युटंट असेल तर अतिरिक्त, शून्य की सायटोप्लाझ्ममधला, ते स्पष्ट लिहा. शून्य लिहिण्याआधी स्ट्रोमा आणि लिम्फोसाइटमध्ये फिकट रंग आला आहे का ते बघा. तोही नसेल तर चूक स्टेनिंगची समजा आणि स्लाइड पुन्हा करा. वाइल्ड-टाइप पॅटर्नने उत्परिवर्तन पूर्णपणे नाकारता येत नाही, हे एका ओळीत नोंदवा. आणि शंका असेल तर ऑन्कॉलॉजिस्टला फोन करा, सीक्वेन्सिंग सुचवा, ब्लॉक जपून ठेवा.